एरोकलर २४६० चा साडेनऊ इंची रोल: ४×५ आणि १२० साठी कापायचा कसा, धुवायचा कसा?

बेलोज_४५

नमस्कार मंडळी. कोडॅक एरोकलर ४, क्रमांक २४६०, याचा साडेनऊ इंच रुंदीचा अर्धवट वापरलेला रोल हाताशी आहे. साधारण १२ मीटर उरला असावा. कडेला छिद्रं नाहीत. मुदत उलटून गेलेली आहे, पण डबा सीलबंद होता आणि थंड जागी ठेवलेला होता. डब्यावर 'प्रोसेस एएन-६' असं छापलंय.

यातून ४×५ इंची शीट्स आणि जमल्यास मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यांना लागणारे १२० चे रोल काढायचे आहेत. प्रश्न असे:

१. पूर्ण अंधारात नीट मापात कापायचं कसं? किती माल निघेल?
२. घरच्या सी-४१ किटमध्ये (नेहमीच्या रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेत) धुता येईल का? आयएसओ किती धरायचा?
३. हिला नारिंगी मास्क नसतो असं वाचलंय. त्याने स्कॅनिंगमध्ये आणि एन्लार्जरखाली काय फरक पडतो?
४. ही इन्फ्रारेडची एरोक्रोम नाही ना?

अंधारखोली

चौथ्याचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे. नाही. एरोक्रोम म्हणजे हिरवी झाडं लाल-गुलाबी दाखवणारी इन्फ्रारेड स्लाइड फिल्म. २४६० ही साधी रंगीत निगेटिव्ह आहे, झाडं हिरवीच येणार.

आता कापणं. रोलची रुंदी २४१ मिमी. ४×५ चं शीट प्रत्यक्षात ४×५ इंच नसतं, साधारण १०० × १२५ मिमी असतं. होल्डरच्या (शीट कॅमेऱ्यात घालायच्या चौकटीच्या) खाचेत अर्धा मिलिमीटर जास्तीचा खपत नाही, शीट अर्ध्यात अडकतं. अर्धा मिलिमीटर कमी असलं तर काही बिघडत नाही. म्हणून ९९.५ × १२५ धरा.

रोलच्या लांबीतून १२५ मिमीची पट्टी काढायची, मग ती आडवी ठेवून ९९.५ चे दोन तुकडे. प्रत्येक पट्टीमागे दोन शीट्स आणि ४२ मिमीची कातरण. म्हणजे मीटरमागे १६ शीट्स. १२ मीटरचे हिशोबाने १९२ होतात, पण चाचण्या, वाकडे काप आणि ओरखडे धरून १७० च्या आसपास समजा.

कटर गिलोटिन प्रकारचा असेल तर उत्तम. चाकाचा ट्रिमरही चालतो, पण त्याची प्लॅस्टिकची दाबपट्टी अंधारात फिल्मवर घासते. कटरच्या पाटावर लाकडाच्या दोन पट्ट्या दुहेरी टेपने चिकटवा: एक पात्यापासून १२५ मिमीवर, दुसरी ९९.५ वर. १२५ वाली पट्टी कायमची. ९९.५ वाली काढता-घालता येईल अशी ठेवा, नाहीतर पहिल्या कापाला तीच आडवी येते. आधी सगळ्या पट्ट्या १२५ ला कापून काळ्या पिशवीत टाकायच्या, मग दुसरी पट्टी लावून त्यांचे तुकडे करायचे.

एक शीट उजेडात कापा आणि तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक होल्डरमध्ये सरकवून पाहा. जुन्या लाकडी होल्डरची खाच प्लॅस्टिकच्या होल्डरपेक्षा अरुंद निघू शकते. हे एक शीट वाया गेलं तरी चालेल, पुढची दीडशे वाचतात.

रंगीत फिल्म आहे, तेव्हा लाल दिवा, हिरवा दिवा, घड्याळाची चमकणारी तबकडी, यातलं काहीही नको. मोबाइल खोलीबाहेर.

आता इमल्शनची, म्हणजे प्रकाशसंवेदी थराची बाजू. तयार शीटच्या कडेला बाजू ओळखायची खाच असते, हिला नसणार. कापल्या कापल्या प्रत्येक शीटचा एक कोपरा तिरका छाटा: इमल्शन तुमच्याकडे, शीट उभं धरलेलं, तर वरचा उजवा कोपरा. बाजारातल्या शीटची खाचही तिथेच असते, त्यामुळे होल्डर भरताना हात गोंधळत नाहीत. बाजू ओळखायची तर कातरणीचा तुकडा ओठांत धरा, जी बाजू चिकटते ती इमल्शन. चांगल्या शीटला ओठ लावू नका.

१२० साठी रोलमधून ८३ सेंमी लांबीचा तुकडा काढा आणि ६१.५ मिमीच्या उभ्या पट्ट्या पाडा. तीन बसतात, १८४.५ मिमी झाले. उरलेल्या ५६ मध्ये चौथी बसत नाही, पण ४६ मिमीची एक पट्टी निघते आणि ती १२७ च्या कॅमेऱ्याला चालते. ८३ सेंमीचा सरळ काप कटरवर होत नाही. त्यासाठी प्लायवूडची २४२ मिमी रुंदीची खोबण करून तिच्यावर आडवी पट्टी ठोका आणि त्या पट्टीत मोडत्या पात्यांचे तुकडे योग्य अंतरावर घट्ट बसवा. फिल्म एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ओढायची. या फिल्मचा बेस, म्हणजे इमल्शनखालचा पाया, पॉलिएस्टरचा आहे आणि पॉलिएस्टरने पातं पटकन बोथट होतं. बोथट पात्याने कडेचं इमल्शन कपच्यांसारखं सुटतं आणि ती भुकटी पुढे सगळ्या फिल्मवर बसते, म्हणून पाती सढळ हाताने बदला.

कागद आणि स्पूल जुन्या १२० रोलचेच वापरा. मूळ फिल्म कागदाला जिथे चिकटवलेली होती तिथे आधी पेन्सिलची रेघ मारून ठेवा. गुंडाळायला सुरुवात कागदाच्या शेवटाकडून करायची, फिल्मचं मागचं टोक मोकळं सोडायचं आणि पुढचं टोक सगळ्यात शेवटी रेघेवर टेपने चिकटवायचं. उलट केलंत तर कागद आणि फिल्म यांच्या वळणातला फरक टेपपाशी जमा होतो, तिथे फुगा येतो आणि पहिल्या दोन फ्रेम फोकसबाहेर जातात.

रसायनशाळा

एएन-६ ही हवाई रंगीत निगेटिव्हसाठीची कोडॅकची प्रक्रिया. २४६० सी-४१ मध्येही धुता येते, घरचं किट पुरेसं आहे. हिच्या पाठीवर सिनेमाच्या निगेटिव्हसारखा रेमजेटचा काळा थर नाही, त्यामुळे सोड्याने पाठ पुसण्याची भानगड नाही.

डेव्हलपर ३७.८ अंश, ३ मिनिटं १५ सेकंद. इथे अर्ध्या अंशाची चूकही रंगात दिसते. पहिलं पाणी टाकीतून रंगीत बाहेर आलं तर घाबरू नका. ब्लीच आणि फिक्स वेगळे असतील तर प्रत्येकी साडेसहा मिनिटं, मधे धुणं. एकत्र ब्लिक्स असेल तर किटवरच्या वेळेपेक्षा दीड-दोन मिनिटं जास्त द्या. ब्लीच जास्त वेळ झाल्याने फिल्म बिघडत नाही. कमी झालं तर चांदी आत राहते, रंग मळकट होतात आणि कॉन्ट्रास्ट चढतो, जो या फिल्मला आधीच भरपूर आहे.

का भरपूर, ते सांगतो. काही हजार मीटरवरून खाली पाहिलं की मधल्या धुक्या-धुळीने दृश्य सपाट दिसतं. ते उठावदार यावं म्हणून हवाई फिल्म मुळातच कडक बनवतात. जमिनीवर, भर दुपारच्या उन्हात तीच फिल्म सावल्या बुजवते आणि पांढऱ्यातला तपशील खाते. ढगाळ हवा, सावलीतला उजेड, सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं यांत ती खुलते. पोर्ट्रेट फिल्मची ढिलाई तिच्याकडून अपेक्षू नका.

आयएसओबद्दल: हवाई फिल्मचा वेग मोजायची रीत वेगळी आहे, त्यामुळे तिच्या कागदपत्रातला आकडा लाइटमीटरवर जशास तसा लावू नये. हीच फिल्म ३५ मिमीमध्ये भरून विकणारे बहुतेक १०० छापतात. ताजी असेल तर १०० बरोबर आहे. तुमची मुदतबाह्य आहे, तेव्हा अंदाज नको, चाचणी करा.

पहिली चाचणी धुक्याची, म्हणजे उजेड न लागताही जुन्या फिल्मवर चढणाऱ्या झाकोळाची. रोलच्या बाहेरच्या वेढ्यातून बोटभर तुकडा काढा आणि उजेड न दाखवता पूर्ण प्रक्रियेतून काढा. ताज्या २४६० चा बेस जवळजवळ काचेसारखा नितळ निघतो. पिवळट किंवा करडा-तपकिरी आला तर फिल्म म्हातारी झाली आहे. मास्क नसण्याचा हा मोठा फायदा, नारिंगी बेसमध्ये थोडं धुकं डोळ्यांना कळतच नाही. मात्र बाहेरचे एक-दोन वेढे आतल्यापेक्षा जास्त खराब असू शकतात, म्हणून अर्धा मीटर आतला तुकडाही तपासा.

दुसरी चाचणी वेगाची, एकाच शीटवर. रंगीत आणि राखाडी वस्तू असलेलं स्थिर दृश्य घ्या, मीटर २०० ला लावा. समजा १/६० आला. डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) पूर्ण काढून १/६० द्या. मग स्लाइड पाव भाग आत सरकवा, पुन्हा १/६०. आणखी पाव भाग, १/३०. आणखी पाव, १/१५. एक्स्पोजर एकमेकांत मिळत जातात, त्यामुळे चार पट्ट्यांवर २००, १००, ५० आणि २५ असे निकाल मिळतात. गडद राखाडीत तपशील दिसणारी सगळ्यात पातळ पट्टी निवडा. तोच तुमच्या रोलचा वेग.

मंदप्रकाश

मास्कबद्दल.

निगेटिव्हमधला मॅजेंटा रंग फक्त हिरवा प्रकाश अडवायला हवा, पण तो थोडा निळाही अडवतो. सायनही तसाच, लालबरोबर थोडा हिरवा आणि निळा खातो. ही गळती भरून काढायला नेहमीच्या निगेटिव्हमध्ये रंगीत कपलर घालतात आणि त्यांचा उरलेला रंग म्हणजे तो नारिंगी मास्क. २४६० मध्ये ही दुरुस्ती नाही. परिणामी काही रंग थोडे मिसळलेले, जुन्या छपाईसारखे येतात. कुणाला तो दोष वाटतो, कुणी त्यासाठीच ही फिल्म भरतं. अगदी शुद्ध रंग हवे असतील तर साधी पोर्ट्रेट निगेटिव्ह घ्या, हिच्याशी भांडू नका.

स्कॅनिंगमध्ये काम सोपं होतं, पण एका अटीवर. स्कॅनरचा 'रंगीत निगेटिव्ह' मोड नारिंगी वजा करायला बसलेला असतो. नारिंगी नसताना तो वजाबाकी करतो आणि चित्रावर नको ती रंगाची झाक चढते. म्हणून स्लाइड म्हणून, म्हणजे पॉझिटिव्ह मोडमध्ये, १६ बिटला स्कॅन करा आणि उलटवणं नंतर. लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलचे काळे-पांढरे बिंदू वेगवेगळे लावा. कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपत असाल तर निळ्या चॅनेलला नेहमीइतकं ताणावं लागत नाही, त्यामुळे त्यातला नॉइज कमी राहतो.

बेसची पाठ गुळगुळीत आहे. फ्लॅटबेडच्या काचेला ती टेकली की इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटतात. इमल्शनची बाजू काचेकडे ठेवा आणि चित्र नंतर आडवं पलटा, किंवा फिल्म काचेपासून मिलिमीटरभर उचलून धरणारा होल्डर वापरा.

एन्लार्जरवर आरए-४ कागदाला, म्हणजे रंगीत प्रिंटच्या कागदाला, मास्कची सवय असते. नेहमीचे फिल्टर लावलेत तर पिवळा आणि मॅजेंटा इतका वाढवावा लागेल की काही कलर हेडची मर्यादा संपते. सोपा उपाय: कोणत्याही साध्या सी-४१ फिल्मचा कोरा, म्हणजे न टिपता धुतलेला तुकडा फिल्टरच्या खणात ठेवा. नारिंगी झाली हजर. मग तुमच्या नेहमीच्या आकड्यांच्या आसपास काम होतं. तुकडा निगेटिव्हला लावून ठेवू नका, त्यावरची धूळ कागदावर छापली जाते.

छोटारोल३५

४×५ नसलेल्यांसाठी: हीच फिल्म ३५ मिमीत छिद्रं पाडून मिळते. फिनलंडच्या कॅमेराटोरीची सँटाकलर १०० आणि कॅनडाच्या फ्लिक फिल्मची इलेक्ट्रा १०० ही त्यातली नावं. घरी छिद्रं पाडायच्या नादी लागू नका. दोन छिद्रांतलं अंतर ४.७५ मिमी आहे, ते दीड मीटरभर चुकता चालत नाही.

३५ मध्ये दोन सावधगिरी. नितळ पॉलिएस्टर बेस प्रकाश वाहून नेतो. कॅसेटबाहेर डोकावणाऱ्या जिभेवर ऊन पडलं की उजेड बेसमधूनच फेल्टच्या आत शिरतो आणि सुरुवातीच्या फ्रेम कडेकडून धुरकट होतात. रोल सावलीत, जमल्यास घरात भरा. वापरलेला रोल पूर्ण आत गुंडाळा आणि लगेच काळ्या डबीत टाका, पारदर्शक डबी उपयोगाची नाही.

दुसरी: ही फिल्म तुटत नाही. साधी ॲसिटेट फिल्म शेवटी ताणली तर फाटते आणि कॅमेरा वाचतो. इथे फिल्म तशीच राहते, मोडतो तो आतला दात. लिव्हर जड लागला की थांबा. स्वतः भरत असाल तर स्पूलला लावलेली टेप चांगली ओढून तपासा. कॅसेटवर डीएक्स कोड (कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणारी खूण) नसेल तर बरेच कॅमेरे १०० धरतात, ते इथे सोयीचंच आहे.

लॅबला देताना 'पॉलिएस्टर बेस, मास्क नाही' असं ठळक लिहा. मशीनमध्ये अडकली तर ती तुटून सुटत नाही आणि मागचे रोल खोळंबतात, म्हणून काही लॅब नाही म्हणतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

बेलोज_४५

सगळ्यांचे आभार. धुक्याची चाचणी केली, बेस किंचित पिवळसर आहे पण आरपार स्वच्छ दिसतं. वेग ५० च्या पट्टीवर ठीक वाटतोय.

दोन अडचणी. शीट होल्डरमध्ये सैल बसतं, कॅमेरा खाली झुकवला की मध्यभागी पोट सुटतं. आणि दोन शीट्सवर स्कॅनमध्ये निळे, फांद्यांसारखे बारीक डाग आहेत. उजेड गळतोय का?

शिवाय कॉन्ट्रास्ट कमी करायला डेव्हलपर अडीच मिनिटांवर आणावा का?

अंधारखोली

डाग उजेडाचे नाहीत, स्थिर विजेचे आहेत. कोरड्या हवेत पॉलिएस्टर वेगाने उलगडलं की ठिणगी पडते. ठिणगीचा प्रकाश निळा-अतिनील, म्हणून तो वरच्या, निळ्याला संवेदनशील थरावर उमटतो: निगेटिव्हवर पिवळा, उलटवल्यावर निळा. उजेड गळला असता तर डाग कडेपासून पसरट आला असता, फांद्या फुटल्या नसत्या. रोल सावकाश उलगडा, हिसका देऊ नका. कापायच्या आधी खोलीत ओला टॉवेल टांगून ठेवा. नायलॉनचे कपडे, लोकरीची बाही नको. फ्रीजरमधून काढलेला डबा मात्र पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कोरडेपणाऐवजी थेंबांचे डाग मिळतील.

पोट सुटायचं कारण जाडी. शीट फिल्म साधारण ०.१८ मिमी असते, ही ०.१० आहे. होल्डरच्या खाचा जाड शीटसाठी केलेल्या. सरळ उभ्या कॅमेऱ्यात आणि एफ/१६ च्या पुढे सहसा निभावतं. खाली झुकवायचं असेल किंवा उघड्या ॲपर्चरला काम असेल तर होल्डरच्या पत्र्यावर मध्यभागी पुन्हा उचलता येणाऱ्या गोंदाचा, चिठ्ठ्यांना असतो तसल्या, पातळ हात फिरवा आणि तो सुकू द्या. शीट आत सरकवून झाल्यावर मागून नाही, कडेने हलकं दाबा, इमल्शनच्या मधोमध बोट नको. धुण्याआधी पाठीवर गोंद राहिला आहे का ते अंधारात बोटाने चाचपा, डेव्हलपरमध्ये तो सुटून दुसऱ्या शीटवर चिकटतो.

फिरत्या टाकीच्या रिळातही हीच कटकट होते. पातळ शीट खाचेतून निसटून शेजारच्या शीटवर बसतं. रिळात सहाऐवजी चारच भरा आणि फिरवण्याचा वेग कमी ठेवा.

रसायनशाळा

अडीच मिनिटांवर आणू नका. सी-४१ मध्ये तिन्ही थर एकाच वेळात जुळतील अशी आखणी असते. वेळ तोडली की ते सारखे मागे पडत नाहीत. सावल्या एका रंगाकडे, उजळ भाग दुसऱ्या रंगाकडे झुकतात आणि तो झुकाव एका स्लायडरने निघत नाही. मास्क नसलेल्या फिल्ममध्ये तर तो आणखी उघडा पडतो.

मंदप्रकाश

तत्त्वतः मान्य, पण १५ सेकंदांची कपात डोळ्यांना फारशी दिसत नाही. खरा उपाय पूर्व-एक्स्पोजर आहे. फोटो काढण्याआधी त्याच शीटवर फोकसबाहेरच्या, एकसारख्या उजेडाच्या राखाडी कार्डाचं मीटरपेक्षा ३ स्टॉप कमी एक्स्पोजर द्या, मग शटर पुन्हा चढवून खरा फोटो. सावल्यांना थोडा आधार मिळतो, उजळ भागाला फरक पडत नाही. कार्ड किंचित उबदार रंगाचं घेतलंत तर सावल्या उबदार होतात, निळसर घेतलंत तर थंड. रंगाशी खेळायचं असेल तर मला हा मार्ग डेव्हलपरशी छेडछाड करण्यापेक्षा कधीही जास्त पसंत.

छोटारोल३५

हीच फिल्म ई-६ मध्ये (स्लाइड फिल्मच्या प्रक्रियेत) टाकून स्लाइड होते का? नितळ बेस आहे म्हणून विचारतोय.

रसायनशाळा

होते, आणि साध्या निगेटिव्हपेक्षा बरीच चांगली होते. साधी सी-४१ फिल्म ई-६ मधून काढली की नारिंगी बेस राहतो आणि चित्र फिकं येतं, कारण तिचा कॉन्ट्रास्टच कमी. इथे बेस नितळ आणि कॉन्ट्रास्ट जास्त, दोन्ही गोष्टी पथ्यावर पडतात.

ताज्या फिल्मला एक ते दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या, म्हणजे ५० किंवा २५. पहिला डेव्हलपर ३८ अंशांना नेहमीची ६ मिनिटं. स्लाइड काळपट आली तर पुढच्या वेळी पहिल्या डेव्हलपरला दीड-दोन मिनिटं वाढवा, एक्स्पोजर तेच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. खऱ्या स्लाइड फिल्मसारखा दाट काळा मिळेलच असं नाही.

बेलोज_४५, तुमची मुदतबाह्य आहे, तिच्यावर हे करू नका. उलट प्रक्रियेत धुकं वेगळ्या तऱ्हेने नडतं: सगळ्यात काळा भागच पातळ पडतो आणि स्लाइड भिंतीवर टाकली की राखाडी दिसते. सी-४१ मध्ये तेच धुकं स्कॅन करताना वजा होऊन जातं. तुमचा रोल ५० ला टिपा, सी-४१ मध्येच धुवा. उरलेला रोल काळ्या पिशवीत, हवाबंद डब्यात, फ्रीजरमध्ये. डब्यावर आज मोजलेला वेग आणि तारीख लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पहिल्या तुकड्याची धुक्याची चाचणी पुन्हा करावी लागेलच.